कॉलबॅक नेमका कोणत्या क्षणी?

गेल्या दोन आठवड्यांतील बहुतेक संध्याकाळी मी एकच पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, वाचत होतो. आम्ही काही जण मिळून सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला एक छोटा डीबगर, म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून त्याच्या आत डोकावू देणारे साधन, सांभाळतो. त्यात स्क्रिप्ट लिहिण्यासाठी पायथन ही भाषा बसवलेली आहे, पण आतापर्यंत पायथनच्या बाजूने डीबगरला फक्त प्रश्न विचारता येत असत: या व्हेरिएबलची किंमत किती, स्टॅकवर कोणत्या फ्रेम (चालू असलेल्या फंक्शन कॉलच्या नोंदी) आहेत, अमुक पत्त्यावर काय लिहिले आहे. डीबगरने आपण होऊन स्क्रिप्टला काही कळवावे, अशी सोय नव्हती. ती करून देणारा सुमारे आठशे ओळींचा पॅच एका सहकाऱ्यांनी पाठवला. प्रोग्रॅम थांबला, पुन्हा सुरू झाला किंवा संपला, नवी लायब्ररी लोड झाली, ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबावा ती खूण) तयार झाला, बदलला किंवा काढला गेला, की अशा प्रत्येक इव्हेंटला, म्हणजे घटनेला, स्क्रिप्टने आधी नोंदवून ठेवलेले फंक्शन, म्हणजेच कॉलबॅक, बोलावले जावे, असा त्याचा हेतू होता.

गरज खरी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. अशी सोय नसते तेव्हा स्क्रिप्ट लिहिणारा माणूस ‘कंटिन्यू’, ‘नेक्स्ट’, ‘स्टेप’, ‘फिनिश’ अशा प्रत्येक कमांडभोवती स्वतःचे वेष्टण चढवतो, आणि कोणीतरी एखादी पाचवी कमांड वापरली की ते सारे निरुपयोगी ठरते. जीडीबी या दुसऱ्या डीबगरमध्ये पायथन २००९ साली ७.० या आवृत्तीत आले आणि इव्हेंटची सोय २०११ मध्ये ७.३ या आवृत्तीत आली. तिथेही आरंभी तीनच इव्हेंट होते: थांबणे, पुन्हा सुरू होणे आणि संपणे. बाकीचे यथावकाश, एकेक करून आले. आमच्या पॅचमध्ये पहिल्याच फेरीत सात होते, आणि मला अडचण वाटली ती तिथूनच. कॉलबॅक बोलावणे ही दहा ओळींची गोष्ट आहे. ज्या क्षणी तो बोलावला जातो, त्या क्षणी डीबगरच्या पोटात काय खरे आहे आणि काय अजून अर्धवट आहे, हे ठरवणे अवघड असते, आणि एकदा लोकांनी त्यावर स्क्रिप्टा लिहिल्या की तो क्षण मागेपुढे सरकवण्याचे स्वातंत्र्य आपल्याला उरत नाही.

कोणताही पॅच वाचताना मी आधी टेस्ट वाचतो. या पॅचमधील साऱ्या टेस्ट एकाच साच्याच्या होत्या: फंक्शन नोंदवायचे, प्रोग्रॅम चालवायचा, फंक्शन एकदा बोलावले गेले का ते पाहायचे. बोलावलेले फंक्शन एक आकडा वाढवण्यापलीकडे काहीही करत नव्हते. प्रत्यक्षात कॉलबॅक म्हणजे आपल्या घरात शिरलेला परका कोड असतो आणि तो कोणते कपाट उघडेल हे आपल्याला माहीत नसते. टेस्टमधले पाहुणे मात्र उंबऱ्यावर उभे राहून नमस्कार करून परत जाणारे होते.

म्हणून पहिली टेस्ट मी स्वतः लिहिली, आणि तिच्यातला कॉलबॅक स्वतःचीच नोंद रद्द करणारा होता. एखाद्या स्क्रिप्टला फक्त पहिल्या थांब्यावर काही करायचे असेल तर ती हेच करते. यात काही विक्षिप्त नाही. पॅचमध्ये नोंदवलेल्या फंक्शनांची पायथन लिस्ट होती आणि तिच्यावर शून्यापासून पुढे जाणारा साधा लूप होता. चालू फंक्शनने स्वतःला यादीतून काढले की त्यामागची फंक्शने एकेक जागा अलीकडे सरकतात, लूपचा आकडा मात्र एकाने पुढे जातो, आणि मधले एक फंक्शन न बोलावताच राहून जाते. डीबगर कोसळत नाही, कोणताही संदेश येत नाही, आणि ज्याचे फंक्शन वगळले गेले तो माणूस स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतो. कोसळला असता तर बरे झाले असते, असे मला अशा वेळी वाटते. त्याच लूपमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली होती. लिस्टमधून घेतलेला घटक उसना होता, म्हणजे त्याचा रेफरन्स काउंट (त्याला किती ठिकाणांहून धरून ठेवले आहे तो आकडा) वाढवलेला नव्हता; त्यामुळे त्या फंक्शनचा यादीतील संदर्भ हाच शेवटचा संदर्भ असेल, तर फंक्शन चालू असतानाच ते ऑब्जेक्ट मोकळे होण्याची शक्यता होती.

दोन्हींवर उपाय एकच, आणि जीडीबीही तेच करते: फेरी सुरू करण्यापूर्वी यादीची प्रत काढायची आणि प्रतीवरून चालायचे. प्रतीकडे स्वतःचे संदर्भ असल्याने दुसरा धोकाही टळतो. पण प्रत काढली की एक नवा प्रश्न उभा राहतो. पहिल्या कॉलबॅकने दुसऱ्याची नोंद रद्द केली, तर दुसरा त्याच फेरीत बोलावला जावा की नाही? नुसत्या प्रतीवर चालणारा लूप त्याला बोलावणारच. माझे आधीचे मत असे होते की हे चालवून घ्यावे आणि दस्तऐवजात एक वाक्य लिहावे. पॅच लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनी मात्र मला पटवून दिले की कोणी दुसऱ्याची नोंद रद्द करतो तेव्हा बहुधा त्या दुसऱ्याला लागणारी माहितीही त्याच वेळी मोडीत काढलेली असते, म्हणून बोलावण्यापूर्वी मूळ यादीत ते फंक्शन अजून आहे का, हे पाहणे योग्य. याद्या चारपाच नोंदींच्या असतात, तेव्हा वेळेचा प्रश्नही नव्हता. मी माझी टिप्पणी मागे घेतली.

यापुढचा भाग ‘थांबणे’ या एका इव्हेंटचा आहे आणि माझा सर्वाधिक वेळ त्यातच गेला.

लिनक्सवर डीबगर ज्या प्रोग्रॅमवर नजर ठेवतो त्याची खबर त्याला कर्नलकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून, मिळते: पीट्रेस या सिस्टिम कॉलने जोडलेला थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे चालणारा एक धागा) थांबला की त्याची वाट पाहणारा वेटपीआयडी हा कॉल परत येतो. वापरणाऱ्याला दिसणारा थांबा आणि कर्नलने कळवलेला थांबा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ब्रेकपॉइंट ओलांडून पुढे जायचे असेल तर डीबगर मूळ इन्स्ट्रक्शन जागेवर ठेवतो, थ्रेडला एकच इन्स्ट्रक्शन चालवायला लावतो, पुन्हा ब्रेकपॉइंट पेरतो आणि मगच प्रोग्रॅमला मोकळे सोडतो. यात एक थांबा आला, जो वापरणाऱ्याने कधीच पाहिलेला नसतो. ‘नेक्स्ट’ (पुढच्या ओळीवर जा) दिल्यावर वाटेत फंक्शन कॉल लागला तर परतीच्या पत्त्यावर तात्पुरता ब्रेकपॉइंट बसतो. अट असलेला ब्रेकपॉइंट लागतो, अट खोटी ठरते, प्रोग्रॅम पुढे जातो. नवा थ्रेड जन्मतो तेव्हाही थांबा येतो, आणि डायनॅमिक लोडर लायब्ररी चढवतो तेव्हा डीबगरने स्वतःसाठी लोडरमध्ये पेरलेल्या ब्रेकपॉइंटवरही.

पॅचने कॉलबॅक बोलावण्याची ओळ वेटपीआयडीचे उत्तर वाचणाऱ्या फंक्शनमध्ये घातली होती. तिथे घालण्याचे कारण समजण्याजोगे होते, कारण सारे थांबे त्या एकाच दारातून येतात आणि एकही सुटणार नाही अशी खात्री मिळते. पण मी आकडा मोजणारी छोटी स्क्रिप्ट लावून एकच ‘नेक्स्ट’ दिले तेव्हा आकडा दोन अंकी झाला. त्याहून वाईट गोष्ट पत्त्याची होती. एक्स८६ प्रोसेसरवर ब्रेकपॉइंट म्हणजे एका बाइटचे इंट-३ हे इन्स्ट्रक्शन असते, आणि ते चालून गेल्यावर प्रोग्रॅम काउंटर (पुढे चालवायच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) त्याच्या पुढच्या बाइटवर असतो. डीबगरला तो एकने मागे आणावा लागतो. आमच्याकडे ती दुरुस्ती या फंक्शनच्या नंतर होते. म्हणजे कॉलबॅकला दिसणारा पत्ता एका बाइटने चुकलेला होता, आणि बहुतेक वेळा तो पत्ता एखाद्या इन्स्ट्रक्शनच्या मध्यावर पडत असल्याने डिसअसेंब्ली (बाइटांवरून इन्स्ट्रक्शने वाचणे) केली असती तर तिथून पुढे काही ओळी निरर्थक दिसल्या असत्या. ओळ क्रमांक मात्र बरोबर यायचा, कारण एका ओळीची इन्स्ट्रक्शने अनेक बाइटांची असतात, आणि म्हणूनच पॅचमधल्या टेस्ट पास झाल्या होत्या.

मी सुचवलेली जागा अशी होती: हा थांबा वापरणाऱ्याला दाखवायचा, असा निर्णय झाल्यानंतर, प्रोग्रॅम काउंटर दुरुस्त झाल्यानंतर, कोणता थ्रेड निवडलेला आहे हे नक्की झाल्यानंतर, जुन्या फ्रेमची साठवलेली माहिती टाकून दिल्यानंतर, पण प्रॉम्प्ट छापण्यापूर्वी. या पाचही गोष्टी मी टिप्पणीत एकाच वाक्यात लिहिल्या आणि विनंती केली की तेच वाक्य शब्दशः दस्तऐवजात जावे. जीडीबीमध्येही ‘स्टॉप’ हा इव्हेंट सामान्य थांब्याची घोषणा करणाऱ्या अंतर्गत ऑब्झर्व्हरला जोडलेला आहे, कर्नलच्या प्रत्येक खबरेला नाही.

जागा बदलली आणि आकडा एकावर आला. मग मी कॉलबॅकमधून डीबगरलाच हलवून पाहिले. थांब्याच्या कॉलबॅकमध्ये ‘कंटिन्यू’ चालवले. प्रोग्रॅम पुढे गेला, पुन्हा त्याच ब्रेकपॉइंटवर थांबला, पहिला कॉलबॅक संपलेला नसतानाच दुसरा सुरू झाला, त्यातून तिसरा, आणि पायथनने पुनरावर्तनाची मर्यादा ओलांडल्याची तक्रार करीपर्यंत हे चालू राहिले. हे कोणी मुद्दाम करेल असे नाही, असे उत्तर आले. म्हणून मी साळसूद दिसणारे उदाहरण दिले: कॉलबॅकमध्ये एका कंटेनरचा आकार विचारणारे एक्स्प्रेशन मोजले. त्या एक्स्प्रेशनमध्ये प्रोग्रॅममधल्याच एका फंक्शनचा कॉल होता, आणि असा कॉल करण्यासाठी डीबगरला प्रोग्रॅम क्षणभर चालवून पुन्हा थांबवावा लागतो. ‘फक्त वाचणारी’ स्क्रिप्टही नकळत प्रोग्रॅम चालवत असते. जीडीबीने यासाठी ‘इन्फिरियर कॉल’ नावाचा स्वतंत्र इव्हेंट ठेवला आहे, जो अशा कॉलच्या आधी आणि नंतर येतो. म्हणजे हा प्रश्न त्यांनाही वेगळा काढून हाताळावा लागला.

यावर आमच्यात मनापासून वाद झाला. कॉलबॅक चालू असताना प्रोग्रॅम सुरू करू पाहणाऱ्या कमांडवर सरळ एक्सेप्शन (काम तिथेच तोडणारी चुकीची सूचना) फेकावे, असे माझे म्हणणे होते. सहकाऱ्यांना रांग हवी होती: कॉलबॅकने मागितलेली कमांड लगेच न चालवता कॉलबॅक संपल्यानंतर डीबगरच्या मुख्य लूपने चालवावी. जीडीबीमध्ये ‘पोस्ट इव्हेंट’ हे फंक्शन असेच आहे. त्याला दिलेले काम मुख्य थ्रेडवर, सवडीने होते. एलएलडीबी या आणखी एका डीबगरने तर मूळ रचनाच निराळी घेतली आहे: तिथे इव्हेंट लिसनरच्या रांगेत पडतात आणि स्क्रिप्ट स्वतः येऊन पुढचा इव्हेंट मागते. त्या रचनेत कॉलबॅकमध्ये कॉलबॅक अडकण्याचा प्रश्न मुळातच उद्भवत नाही, पण स्क्रिप्टने इव्हेंट उचलेपर्यंत प्रोग्रॅम कुठच्या कुठे गेलेला असू शकतो आणि इव्हेंट म्हणजे मागून आलेले पत्र ठरते. शेवटी आम्ही दोन्ही ठेवले. थेट कमांड दिली तर एक्सेप्शन, आणि त्या एक्सेप्शनच्या संदेशातच रांगेत काम टाकणाऱ्या फंक्शनचे नाव. फंक्शन कॉल असलेल्या एक्स्प्रेशनला मात्र परवानगी राहिली, पण त्यामुळे होणाऱ्या थांब्याची घोषणा करायची नाही, असे ठरले.

एक अवांतर गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण मी स्वतः तिच्यात दोनदा फसलो आहे. जीडीबीमध्ये ब्रेकपॉइंटचा उपवर्ग लिहून त्यात ‘स्टॉप’ ही मेथड दिली आणि ती काहीच न परतवता संपली, तर प्रोग्रॅम थांबत नाही, कारण खरे उत्तर मिळाले तरच थांबायचे असा तिथला नियम आहे. एलएलडीबीमध्ये ब्रेकपॉइंटला जोडलेले पायथन फंक्शन काहीच न परतवता संपले तर प्रोग्रॅम थांबतो. पुढे जायचे असेल तर स्पष्टपणे ‘फॉल्स’ परतवावे लागते. दोन्हींच्या मागे तर्क आहे. आमच्या पॅचमध्ये थांब्याच्या कॉलबॅकने परतवलेल्या मूल्याचा काहीही अर्थ नव्हता, आणि मी तो तसाच ठेवण्याचा आग्रह धरला. थांबायचे की नाही हे विचारणारी सोय आणि थांबल्याचे कळवणारी सोय एकाच फंक्शनात मिसळू नयेत.

एक्सेप्शनविषयी फार लिहिण्याची गरज नाही. एका कॉलबॅकने एक्सेप्शन फेकले तर ते छापून पुढच्या कॉलबॅककडे जायचे, हे पॅचमध्ये होते. राहिले होते ते उलट्या दिशेचे: कॉलबॅकने डीबगरचे एखादे फंक्शन बोलावले आणि त्याने सी प्लस प्लसचे एक्सेप्शन फेकले, तर ते पायथनच्या सी भाषेतील फ्रेमांमधून आरपार जाता कामा नये, सीमेवरच पकडून त्याचे पायथन एक्सेप्शन करायला हवे. तीन ठिकाणी ते राहून गेले होते. शिवाय वापरणाऱ्याने कंट्रोल-सी दाबले असेल तर ती स्क्रिप्टची चूक समजून छापून टाकू नये, उरलेली फेरीच तिथे थांबवावी, असेही मी लिहिले.

कॉलबॅकच्या हाती दिलेल्या ऑब्जेक्टचे आयुष्य किती, हा प्रश्न मात्र थोडा खोल आहे. पॅचमध्ये थांब्याच्या इव्हेंटसोबत फ्रेमचे ऑब्जेक्ट दिले जात होते आणि त्याच्या पोटात डीबगरच्या फ्रेमचा नुसता पॉइंटर होता. स्क्रिप्टने ते ऑब्जेक्ट ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवले, प्रोग्रॅम पुढे गेला, डीबगरने फ्रेमची साठवण रिकामी केली, की तो पॉइंटर कोणाच्यातरी दुसऱ्याच मेमरीकडे बोट दाखवतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला तसे करू नका असे सांगणे हा उपाय नव्हे. पायथनमध्ये लिहिणाऱ्या माणसाने मेमरी मोकळी झाल्याची चिंता करावी अशी अपेक्षाच चुकीची आहे. फ्रेमची ओळख पॉइंटरने न ठेवता स्टॅकवरचा तिचा पत्ता आणि तिच्या फंक्शनचा आरंभ यांच्या जोडीने ठेवायची, दरवेळी त्या ओळखीवरून फ्रेम पुन्हा शोधायची, आणि सापडली नाही तर ‘ही फ्रेम आता वैध नाही’ असे एक्सेप्शन द्यायचे. थ्रेड आणि ब्रेकपॉइंट यांच्यासाठी हे सोपे आहे, कारण ते नाहीसे होण्याचा एक निश्चित क्षण असतो आणि त्या क्षणी पायथनच्या बाजूचा पॉइंटर पुसता येतो.

ब्रेकपॉइंट काढला गेल्याच्या इव्हेंटमध्ये हाच मुद्दा वेगळ्या रूपाने आला. पॅचमध्ये पॉइंटर आधी पुसला जायचा आणि कॉलबॅक नंतर बोलावला जायचा. त्यामुळे ‘एक ब्रेकपॉइंट गेला’ एवढेच कळायचे, कोणता गेला ते विचारले की एक्सेप्शन. क्रम उलटा केला आणि दस्तऐवजात लिहिले की या कॉलबॅकपुरते ऑब्जेक्ट वैध असेल, त्यानंतर नाही.

थांब्याच्या इव्हेंटमध्ये ‘ब्रेकपॉइंट’ नावाचा एकच गुणधर्म होता. एकाच पत्त्यावर दोन ब्रेकपॉइंट असू शकतात, आणि दोन्हींच्या अटी खऱ्या ठरल्या तर प्रोग्रॅम दोन्हींमुळे थांबलेला असतो. जीडीबीच्या दस्तऐवजात याच चुकीचा व्रण अजून दिसतो: तिथे लागलेल्या सर्व ब्रेकपॉइंटची यादी देणारा अनेकवचनी गुणधर्म आहे, आणि फक्त पहिला देणारा एकवचनी गुणधर्म जुन्या स्क्रिप्टांसाठी ठेवला असून तो आता वापरू नये असे लिहिले आहे. ते वाक्य मी टिप्पणीत जसेच्या तसे सांगितले आणि वाद झालाच नाही. तिथून पुढे आमच्याकडे पहिल्या दिवसापासून यादीच आहे.

खर्चाविषयी एकच सूचना होती. ऐकणारे कोणी नसेल तर इव्हेंटचे ऑब्जेक्ट तयारच करू नये. यादी रिकामी आहे का हे पाहणारी एक ओळ प्रत्येक जागी सर्वांत वर आली.

तपासणीच्या तिसऱ्या फेरीनंतर पाच इव्हेंट आत गेले. ‘पुन्हा सुरू होणे’ हा प्रोग्रॅम प्रत्यक्ष सुटण्याआधी कळवला जातो, म्हणजे कॉलबॅकला शेवटची मेमरी वाचता येते. मी दिलेली पाच अटींची ओळ दस्तऐवजात आली. स्वतःची नोंद रद्द करणाऱ्या कॉलबॅकची टेस्टही राहिली. दोन इव्हेंट बाहेर काढले. ‘ब्रेकपॉइंट बदलला’ यात तो किती वेळा लागला ती संख्या वाढणे हा बदल धरायचा की नाही, हे ठरले नाही. दुसरा लायब्ररी लोड झाल्याचा. आमच्याकडे तो लायब्ररी मेमरीत आल्यावर पण तिची सिम्बॉल (फंक्शनांची नावे आणि पत्ते) वाचली जाण्यापूर्वी बोलावला जात होता, आणि प्रलंबित ब्रेकपॉइंट त्यानंतर बसवले जात होते. त्यामुळे कॉलबॅकने त्या लायब्ररीतल्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट मागितला तर तो प्रलंबित म्हणून नोंदला जाई आणि लगेच पुढच्या पायरीवर बसे, पण कॉलबॅकने त्याचा पत्ता विचारला तर पत्ता नसे. हा क्षण सिम्बॉल वाचल्यानंतर न्यावा, पण लायब्ररीचे कन्स्ट्रक्टर (ती लोड होताच आपोआप चालणारी फंक्शने) चालण्यापूर्वीच राहू द्यावा, असे मी लिहिले आहे. त्याचा वेगळा पॅच काल संध्याकाळी आला आहे आणि मी अजून फक्त त्याच्या टेस्ट वाचल्या आहेत.